खाऱ्या पाण्याचे राखणदार

हिंगोलीपासून काही कोसांवर, कयाधू नदीच्या काठी वसलेल्या नरसी या गावाला नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने जो मान दिला आहे, त्यामुळे आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे पंढरीचा सोहळा आटोपून वारकरी आपापल्या गावच्या वाटेला लागतात त्या सुमारास, येथे परतवारीचा मेळा भरतो. पंढरपुरास जाऊन आलेले आणि काही ना काही अडचणीने जाऊ न शकलेले, असे दोन्ही प्रकारचे भाविक त्या दिवशी एकाच नदीकाठी एकत्र येतात. आणि ज्यांच्या ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत त्या शीख बांधवांनाही हे गाव परके वाटत नाही. नरसीचा इतिहास सांगू लागले, की तो संतांच्या चरित्रात शिरतो आणि तेथेच रमतो. त्या चरित्राला जिने काठ दिला त्या नदीकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते.

कयाधू वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्याच्या पठारावर उगम पावते, नरसीवरून हिंगोलीस व तेथून कळमनुरी तालुक्यात उतरते आणि पैनगंगेस मिळते. नांदेडची गोदावरी येथून इतकी जवळ, की कोणीही म्हणावे, हे पाणी तिच्यातच पडत असेल. परंतु भूगोलाला सरळ मार्ग मानवत नाही. नरसीचे पाणी पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत आणि तेथून थेट सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, म्हणजे अर्ध्या विदर्भाला वळसा घालून मग समुद्राची वाट धरते. अशा लांब प्रवासाला निघालेल्या पाण्याविषयी काठच्या माणसाच्या मनात एक सोयीस्कर समजूत घर करून बसते. आपण नदीत जे टाकले ते पुढे गेले, पुढच्याने टाकले ते त्याच्या पुढे गेले, आणि शेवटी सारे समुद्राने पोटात घातले, असा तो हिशेब असतो. २०२२ साली सुरू झालेल्या 'चला जाणूया नदीला' या अभियानात कयाधूचेही नाव आले, तिच्या पुनरुज्जीवनासाठी काठच्या लोकांनी खटपटही आरंभिली. परंतु वाहत्या पाण्याचा हा जुना हिशेब एका अभियानाने मोडणारा नव्हे.

तो हिशेब जेथे चालतच नाही असे एक ठिकाण याच पठारावर, कयाधूच्या उगमाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या एका वर्तुळाकार विवराच्या तळाशी पसरलेले असून, विवराच्या काठावर उभे राहिले असता ते सुमारे साडेचारशे फूट खाली दिसते. त्या विवरात उतरणारे झरे आहेत, पावसाचे ओघळ आहेत. बाहेर पडणारा एकही प्रवाह नाही. आत आलेल्या पाण्याला सूर्याच्या तापाने वाफ होऊन आकाशात जाणे एवढीच सुटकेची वाट मोकळी, आणि पाण्याबरोबर जे जे आले ते ते मागे राहून साचत गेले. युगानुयुगे साचलेल्या त्या क्षारांमुळे पाणी इतके खारट व अल्कधर्मी झाले, की सामूच्या (पीएच) मोजपट्टीवर, जेथे शुद्ध पाणी सातावर असते, तेथे हे दहाच्या आसपास जाऊन बसले. मासे त्यात जगत नसत. जगत असे ते सूक्ष्म हिरवे शैवाल, ज्याने सारे पाणी हिरवेगार दिसावे आणि ज्याच्या कुजण्याने उन्हाळ्यात काठावर नाक धरावे लागावे.

या पाण्याची कीर्ती जुनी आहे. स्कंदपुराणाचा हवाला देऊन स्थानिक लोक लवणासुराची कथा सांगतात, आणि त्या दैत्याचा नाश करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर, यादवांच्या आगेमागे घडविलेल्या शिल्पांसह, गावात आजही उभे आहे. परंतु कथेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते ती अबुल फजलाची नोंद. अकबराच्या फौजांनी वऱ्हाड घेतल्यावर, सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ऐने-अकबरीत त्याने या सुभ्याचे वर्णन करताना लोणारला थोडी जागा दिली आहे. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात हे तो सांगतो, डोंगरांनी वेढलेल्या खाऱ्या तळ्याची लांबीरुंदी सांगतो, बैलाचे मुख असलेल्या झऱ्याचा उल्लेख करतो, आणि मग एखाद्या मुरब्बी अंमलदाराप्रमाणे मुद्द्याला हात घालतो: या तळ्यात काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य निघते आणि त्यापासून सरकारास चांगला महसूल मिळतो. तीर्थाचे पुण्य आणि तळ्याचे उत्पन्न ही दोन्ही एकाच परिच्छेदात नोंदविणारा हा लेखक मोगल दप्तराचा खरा प्रतिनिधी होता. सरोवराच्या पुढील तीनशे वर्षांचा इतिहास त्याच्या त्या एका वाक्यावर भाष्य केल्यासारखा आहे.

कारण ते द्रव्य म्हणजे खार. उन्हाळा चढू लागला, की पाणी काठापासून मागे सरे, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पांढरी खपली धरे. पाण्याच्या तळाशीही स्फटिकांचे थर जमत, आणि मजूर पाण्यात उतरून ते बाहेर काढीत. निघालेला माल एकजिनसी नसे. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी कानांनी ऐकून आपापल्या वर्तनीत उतरवून ठेवली आहेत. कोणत्या प्रतीत सोडा अधिक, कोणत्या प्रतीत मीठ अधिक आणि कोणती नुसती माती, हे पारखणारे डोळे त्या काठावर होते. परटाला कपडा उजळण्यास, रंगाऱ्याला रंग पक्का बसविण्यास, काचाऱ्याला बांगडीची काच वितळविण्यास, साबण करणाराला तेल जिरविण्यास, अशा कितीतरी कसबांना खार लागे. नामदेवांचा जन्म ज्या शिंपी समाजात झाला, त्या समाजाच्या शेजारी रंगाऱ्यांची भट्टी असणे ही आपल्याकडील कसब्याची ओळखीची मांडणी. आणि त्या भट्टीला खार कोठून तरी यावाच लागे.

ज्या वस्तूचे पैसे येतात तिच्यावर सरकारचा डोळा असतो, आणि सरकारचा डोळा असला की तिच्यावर पहाराही बसतो. खाराचे उत्पन्न सरकारी मानले गेल्यामुळे, सरोवराच्या काठाला मालक होता. तो मालक प्रेमळ होता असे मुळीच नाही, परंतु पाणी बिघडले तर त्याचा तोटा होणार होता, आणि तेवढ्या कारणाने सरोवर सुरक्षित होते. पुढे राज्ये पालटली. १७२४ साली लोणारहून फार दूर नसलेल्या साखरखेर्ड्याच्या रणांगणावर निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि ज्या राज्यात नरसी आणि हिंगोली सव्वादोनशे वर्षे राहणार होती त्या हैदराबादच्या राज्याची मुहूर्तमेढ रोवली गेली; वऱ्हाडात पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअंमली चालली, तीत रयतेचे जे हाल झाले ते प्रसिद्धच आहेत. खार मात्र कोणाच्याही अंमलात खारच राहिला.

१८५३ सालच्या तहाने नरसी आणि लोणार यांच्यामध्ये एक सरहद्द उभी राहिली, आणि तिचे कारण, काहीसे चमत्कारिक वाटले तरी, हिंगोलीत होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली ठेवलेल्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. त्या फौजेचा खर्च थकत थकत कर्जाचा डोंगर झाला, आणि तो फेडण्यासाठी निजामाला वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली द्यावे लागले. म्हणजे हिंगोलीच्या छावणीत बिगुल वाजत होता तो अंशतः वऱ्हाडच्या जमाबंदीवर, आणि त्या जमाबंदीत, एक बारीकशी रक्कम म्हणून का होईना, लोणारचा खार होता. कयाधूकाठच्या लोकांनी निजामाचा तालुकदार पाहिला, सरोवराकाठच्या लोकांनी इंग्रजांचा डेप्युटी कमिशनर पाहिला. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले व लगोलग कंटिन्जंटही मोडीत निघून हिंदी सैन्यात विलीन झाली. सरहद्द तेवढी उरली, ती राज्यपुनर्रचनेपर्यंत.

खाराच्या धंद्याला उतरती कळा लागली ती राजकारणामुळे नव्हे. फ्रान्समध्ये लब्लांक नावाच्या रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी मिठापासून सोडा करण्याची कृती शोधली होती; १८६०च्या दशकात बेल्जियममधील सोल्वे याने तिच्याहून पुष्कळ स्वस्त कृती काढली; आणि कारखान्यात हजारो टनांनी तयार होणारा एकजिनसी सोडा आगबोटींनी व मग आगगाड्यांनी मुलुखभर पसरू लागल्यावर, उन्हाळ्याच्या लहरीवर अवलंबून असणाऱ्या, प्रतीप्रतीला निराळा निघणाऱ्या लोणारच्या मालाला गिऱ्हाईक राहणे अशक्यच होते. १९३९ साली काठेवाडातील मिठापूरला टाटांनी सोड्याचा कारखाना काढला, आणि देशी सोड्याचा प्रश्नही लोणारवाचून सुटला. धंदा गेला म्हणून कोणी हळहळले असेल तर ते काठचे मजूर. परंतु धंद्याबरोबर त्या पाण्याचा पहारेकरीही गेला, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आली नाही. महसूल थांबल्यावर सरकारच्या लेखी सरोवर हे एक निरुपयोगी, दुर्गंधीयुक्त, पिण्यास अयोग्य असे पाणी उरले.

त्याच्या पुष्कळ आधीपासून निराळ्या प्रकारचे गिऱ्हाईक मात्र येऊ लागले होते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अंमलदाराने या विवराची नोंद केली. पुढील कित्येक दशके ज्वालामुखीचे मुख म्हणूनच ते ओळखले गेले. १८९६ साली अमेरिकेतील गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील विवराशी त्याची तुलना केली; १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश व क्रिस्टी यांनी पाण्याच्या क्षारांचा सविस्तर अभ्यास छापला; आणि १९७३ साली खडकात सापडलेल्या आघातजन्य काचेच्या पुराव्याने हे विवर उल्कापाताचे, तेही बेसाल्ट खडकात घडलेले म्हणून जगात अत्यंत दुर्मीळ, असे सिद्ध झाले. आता उलटाच प्रकार घडला. जगातील विद्यापीठे लोणारकडे धावू लागली, आणि लोणार गावाचे सांडपाणी सरोवराकडे.

सांडपाणी हा शब्द येथे थोडा कठोर वाटेल, परंतु दुसरा शब्द सुचत नाही. गावाच्या कडेला, विवराच्या उतारावर, गोमुखातून बाराही महिने पडणारी धार आहे. अबुल फजलाने उल्लेखिलेला बैलमुखी झरा तो हाच असावा. यात्रेकरू तिच्याखाली स्नान करतात, बायाबापड्या पुढच्या ओघळावर धुणी आपटतात, आणि साबणाचा पांढरा फेस पायऱ्यापायऱ्यांनी घसरत, झाडीतून वाट काढीत, खाली हिरव्या पाण्याला जाऊन मिळतो. ज्या सरोवराने शतकानुशतके मुलुखाच्या साबणाला खार पुरविला, त्याच सरोवरात तो साबण आता कारखान्याच्या वेष्टनातून परत येत आहे. गावाची वस्ती वाढली तशी मोऱ्यांचे पाणीही उताराच्या दिशेने निघाले. विवराच्या आत केळी व भाजीपाल्याची शेती झाली, तिची खते पाण्यात उतरली. वेड्या बाभळीने काठ व्यापला. १९७९ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, २००० साली वन्यजीव अभयारण्य, अशा पदव्यांची भर पडत गेली खरी. परंतु पदवी देणारा विभाग एक, वन सांभाळणारा दुसरा, मंदिरे राखणारा तिसरा, गटारे काढणारी नगरपरिषद चौथी, आणि प्रत्येकाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर, असा कारभार असल्यावर जबाबदारीचे काय होते हे सांगावयास नको.

तेव्हा अखेर गावातल्याच काही मंडळींना पुढे यावे लागले. ही मंडळी संस्थानिक नव्हती की धनिक नव्हती. शिक्षक, वकील, लहान धंदे करणारे, अशी साध्या गावाची साधी माणसे, ज्यांनी वर्षानुवर्षे पर्यटकांना व संशोधकांना विवरात उतरवून दाखविले होते आणि पाण्याचा रंग व वास बदलत गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी व नाकांनी अनुभविला होता. त्यांनी अर्ज केले, निवेदने दिली, खेटे घातले. आणि शेवटी २००९च्या सुमारास ती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका घेऊन उभी राहिली. खंडपीठाने समित्या नेमल्या, अहवाल मागविले, अतिक्रमणांविषयी व सांडपाण्याविषयी वेळोवेळी आदेश दिले, तारखांवर तारखा पडल्या. या लढ्याचा निकाल लागला असे म्हणता येणार नाही, कारण असल्या दाव्यांचा निकाल कागदावर लागत नसतो. पण सरोवराला पुन्हा राखणदार मिळाला. पूर्वीचा राखणदार उत्पन्नासाठी होता, हा बिनउत्पन्नाचा.

असल्या राखणदारांची जात जगात नवी नाही. कॅनडातील टोरोंटोच्या उत्तरेस मस्कोका नावाचा सरोवरांचा प्रदेश आहे. तेथे उन्हाळी बंगल्यांत येऊन राहणाऱ्या लोकांनी १८९४ साली आपला एक संघ स्थापन केला, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षे तो संघ सरोवरांच्या पाण्याची काळजी वाहत आहे. त्यांच्या काळजीमागचे शास्त्र पुढे त्याच प्रांतात सिद्ध झाले. वायव्य ओंटारिओतील एका लहान सरोवराला १९७३ साली मधोमध जलाभेद्य पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, दुसऱ्यात तेच दोन्ही आणि शिवाय फॉस्फरस घातले. थोड्याच दिवसांत फॉस्फरस घातलेला भाग शैवालाने हिरवा झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाच्या त्या प्रयोगाचे विमानातून घेतलेले छायाचित्र दाखविले, की साबणाच्या कारखानदारांचा वाद संपे; कपडे धुण्याच्या भुकटीतील फॉस्फेटावर त्या दशकात जी बंधने आली, त्यांना या छायाचित्राचा मोठा आधार होता. मस्कोकाच्या बंगलेवाल्यांपाशी पैसा होता, वेळ होता, आणि सरोवर बिघडले तर बंगल्याची किंमत उतरेल ही धास्तीही होती. लोणारच्या मंडळींपाशी यांपैकी काहीच नव्हते, म्हणून त्यांचे काम मला अधिक अवघड वाटते.

आणि अधिक विचित्रही. कारण मस्कोकाचे लोक ज्यासाठी झटतात ते आपल्याला समजते: पाणी निर्मळ, गोड, तळ दिसेल असे राहावे. लोणारच्या लोकांना नेमके याच्या उलट मागायचे आहे. त्यांचे पाणी खारट राहावे, अल्कधर्मी राहावे, माशांना नकोसे राहावे. त्याच्या खारेपणातच ते शैवाल, ते सूक्ष्मजीव, जगात क्वचितच आढळणारी ती सारी सृष्टी टिकून आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, एके सकाळी सरोवर गुलाबी दिसू लागले आणि चहूकडे शकुन-अपशकुनांची चर्चा झाली, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले, की उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले व क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी आपला रंग पाण्यास दिला. म्हणजे गुलाबी रंग हे सरोवराचे दुखणे नव्हते. ते आपल्या मूळ स्वभावावर आल्याची खूण होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या रामसर कराराच्या यादीत लोणारचे नाव दाखल झाले.

खरे दुखणे गोड पाण्याचे आहे. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी चढत चालली आहे. विवराच्या तळाशी काठावर असलेल्या, नवरात्रात जत्रा भरणाऱ्या कमळजा देवीच्या मंदिराच्या आवारापर्यंत पाणी येऊन ठेपले, आणि जिच्या एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारे अशी ख्याती आहे ती सासू-सुनेची विहीरही पाणी चढले की दिसेनाशी होते. पाऊस, झरे, काठावरचे वाढते बांधकाम, गावातून उतरणारे पाणी, यांपैकी कोणाचा वाटा किती याचा हिशेब तज्ज्ञ मांडत राहतील. परिणाम मात्र एकच, की क्षार पातळ होतात. सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र उभारले म्हणजे प्रश्न मिटला असे नगरपरिषदेच्या कारभाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे, कारण देशातील कितीतरी शहरे तेवढेही करीत नाहीत. पण शुद्ध झालेले पाणीही गोडच असते. घाण काढलेले, दुर्गंध गेलेले, नदीत सोडण्यास अगदी योग्य असे पाणी या विवरात सोडणे म्हणजे सरोवराच्या खाराची मुद्दल खर्ची घालणे होय. ते पाणी विवराकडे न वळविता उलट दिशेला, बाहेरच्या शेतांना द्यावे, असाच या प्रश्नाचा सरळ तोडगा निघतो; आणि तो अमलात आणण्यासाठी गटारांचा उतार बदलावा लागतो, जमीन मिळवावी लागते, पंप चालवावे लागतात, विजेचे बिल कोणी भरावे हे ठरवावे लागते, आणि पाणी मिळणाऱ्या शेतकऱ्यांनाही ते चालेल का हे विचारावे लागते.